चौकटीवरच्या रेघा

आमच्या स्वयंपाकघराच्या चौकटीवर नातवाच्या उंचीच्या पेन्सिलीने मारलेल्या रेघा आहेत. दहाव्या आणि अकराव्या वाढदिवसाच्या जवळजवळ एकावर एक. "आपल्याकडची मुलं उशिराच उंच होतात," असं सुनेला मीच सांगितलं होतं. पोट दुखलं की ओवा, जुलाब झाले की डाळिंबाची साल. (बाईंना सगळंच ठाऊक ना!)

डॉक्टरांनी मात्र आधी वजन-उंचीचा तक्ता मागितला. मग रक्त, शौचाच्या तपासणीत वाढलेलं कॅलप्रोटेक्टिन, शेवटी दुर्बीण आणि आतड्याचे बारीक तुकडे. आतड्याचा टीबीही हुबेहूब असाच दिसतो, आणि टीबी असताना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दिली तर तो उसळतो. म्हणून निदानाला वेळ लागला. क्रोन्स निघाला. मग सहा आठवडे जेवण बंद, नुसतं पोषक पेय. पोराने तक्रार केली नाही. मीच स्वयंपाकघरात फोडणी द्यायला लाजत होते.

त्या दिवसांत एक विद्यार्थी सारखा आठवायचा. हडकुळा, पहिल्या बाकावरचा. तासाला दोनदा "बाई, बाहेर जाऊ?" मी त्याला कामचुकार म्हणून बाकावर उभं केलं होतं. त्याला काय झालं होतं, मी कधी विचारलंच नाही.