वाकड्या रेषेचं कारण

जुनी कौलारू घरं नवशिक्यांसाठी सोपी, असं चित्रं काढणारी माणसं गमतीनं सांगतात. हात थरथरला तरी खपून जातो, कारण घरच मुळात वाकडंतिकडं. शहरातल्या इमारतीची एक खिडकी तिरपी झाली की चित्र फसतं. कोकणातल्या घराच्या सगळ्या खिडक्या तिरप्या झाल्या तरी बघणारा म्हणतो, वा, काय जुनं घर आहे! या भरवशावर मी राजापूरकडच्या एका वाडीत, तशाच एका घराच्या खळ्याच्या कडेला वही घेऊन बसू लागले.

अशा घरात काढायला सगळ्यात आधी मिळतो तो अंधार. पाखं इतकं खाली उतरलेलं असतं की पडवीत शिरताना माणूस आपोआप वाकतो. त्या पाख्याखाली दुपारीसुद्धा गडद सावली असते. ४बी पेन्सिल तिथे मन मानेल तशी फिरवावी. खांब काढावे लागतच नाहीत, अंधार भरत गेलं की ते कोऱ्या कागदातून पुढे येतात. जांभ्याचं मात्र उलटं. हा दगड खाणीतून निघताना तासता येईल इतका मऊ असतो आणि हवा लागली की टणक होतो. त्याच्या अंगावर भोकंच भोकं. ती सगळी काढायला गेलं तर भिंतीला देवी आल्यासारखं दिसतं. ऊन संपून सावली सुरू होते तिथली चार भोकं काढली की उरलेली डोळा स्वतःच भरून घेतो.

कौलांपाशी आले की मला पेन्सिलीचीच गंमत वाटते. १७९५ साली निकोला-जाक कोंते या फ्रेंच माणसानं ग्रॅफाइटच्या भुकटीत चिकणमाती मिसळली आणि ती भाजून शिसं तयार केलं. माती जास्त तर शिसं कठीण, माती कमी तर मऊ आणि काळंभोर. समोरच्या पाख्यावरची कौलंही भट्टीत भाजलेली मातीच. बाझल मिशननं १८६५ मध्ये मंगलोरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढे त्या चपट्या, एकमेकांत अडकणाऱ्या कौलांनी कोकणातल्या गावठी नळ्यांची जागा घेतली. या घराच्या मागच्या पाख्यावर अजून नळे आहेत, पुढे मंगलोरी कौलं. पुढच्या ओळी कवायतीला उभ्या राहिल्यासारख्या, मागच्या दर उन्हाळ्यात शाकारणी करणाऱ्या हातानं जशा लावल्या तशा. भाजलेल्या मातीनं भाजलेली माती काढायची, यात एक जवळीक आहे. हात आपोआप हलका होतो.

एकदा घरातले आजोबा पानाची चंची घेऊन बाहेर आले आणि माझ्या मागे उभे राहिले. चित्र छान आहे की नाही याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. गवंड्याचं काम तपासावं तसं ते वहीत बघत होते.

"आढं मधे बसलंय ते काढलंस, बरं केलंस. का बसलंय ठाऊक आहे?"

"जुनं झालं म्हणून?"

"जुनं तर मीपण झालोय. माजघरातला मधला खांब वाळवीनं खाल्ला. नवा घातला तो बोटभर आखूड. आढं त्याच्यावर येऊन टेकलं, ते टेकलं."

मग त्यांनी मला घराभोवती फिरवलं. पायरी डावीकडेच झिजलेली, कारण विहीर डावीकडे; उतरणारं प्रत्येक पाऊल तिकडेच वळतं. पश्चिमेची भिंत गुडघ्यापर्यंत काळवंडलेली, कारण पावसाची झड तिकडून येते आणि पागोळ्यांचं पाणी जमिनीवर आपटून जोत्यावर उडतं. पूर्वेची भिंत त्याच वयाची, पण कोरी. मी दोन्ही भिंतींना सारखीच छटा देणार होते.

जॉन रस्किननं १८५७ साली नवशिक्यांसाठी चित्रकलेचं पुस्तक लिहिलं, त्यात त्याचा सगळा भर हाताच्या सफाईपेक्षा नजरेवर आहे. ते खरंच आहे. पण नुसत्या नजरेला बसलेलं आढं दिसतं, आखूड खांब दिसत नाही. तो आत, माजघरात असतो आणि तो कुणाला तरी विचारावा लागतो. विचारल्यावर त्याच जागी बसून मी आढ्याची रेष पुन्हा ओढली. ती सरळ गेली, मधे उतरली, टेकली, पुन्हा वर चढली. आधीच्या रेषेइतकीच वाकडी. पण आधीची चाचपडत गेली होती, ही एका दमात गेली.

जुनी घरं पडताहेत, निदान वहीत तरी जपून ठेवा, असं लोक म्हणतात. माझ्या वहीनं कुठलंच घर वाचत नाही. घर वाचतं ते वेळेवर परतलेल्या कौलांनी आणि वाळवी लागायच्या आधी तपासलेल्या वाशांनी. चित्रानं वाचत नाही तो माझा आळस, इतकंच. घर 'जुनं' म्हणून सोडून देता येत नाही. कुठे, कशानं आणि कोणत्या बाजूनं जुनं झालं, हे कागदावर सांगावं लागतं.

हात माझा अजूनही थरथरतो. सराव वाढेल तसा तो स्थिर होईल असं म्हणतात, होवो बापडा. पण घराचा बाक कोणता आणि माझ्या बोटांचा कंप कोणता, एवढं आता कळू लागलं आहे. घरातली कुठलीच रेष उगीच वाकलेली नसते. तिच्यामागे पाऊस असतो, वाळवी असते, विहीर असते, बोटभर आखूड खांब असतो. म्हणून पान उलटण्याआधी मी प्रत्येक वाकड्या रेषेला तिचं कारण विचारते. जिला ते सांगता येत नाही ती माझी असते, आणि ती मी खोडते.