जागा उरल्यास

आमच्या घरांत एक शब्द मुलांना फार लवकर शिकविला जाई : 'सब्लो'. 'सब्जेक्ट टु लोड' या तीन इंग्रजी शब्दांची विमान कंपन्यांच्या कचेऱ्यांत वर्षानुवर्षे झालेली ही तोडमोड. अर्थ सरळ आहे : विमानात जागा उरल्यास तुम्हांला नेऊ, न उरल्यास नाही. आम्ही म्हणजे विमान कंपन्यांत नोकरी करणाऱ्यांच्या घरची माणसे. इंदुरात आमची संख्या कधीच मोठी नव्हती, परंतु जी चार घरे होती ती एकमेकांना ओळखून होती. प्रवासाला निघताना या घरांतून 'जाऊन येतो' असे कोणी ठामपणे म्हणत नसे. 'बघतो, जमले तर जातो' एवढेच म्हणून बॅग उचलली जाई, आणि घरातील म्हातारी माणसे दुपारचा स्वयंपाक जरा जास्तच करून ठेवीत. गेलेली माणसे तीन तासांनी परत जेवायला येतील की काय, याचा नेम नसे.

या प्रवासाची रीत बाहेरच्यांना ठाऊक नसते, म्हणून थोडक्यात सांगतो. तिकीट काढलेल्या प्रवाशांची नोंद पुरी होऊन काउंटर बंद झाला, की मग आमची यादी उघडते. या यादीलाही उतरंड असते. कामानिमित्त जाणारा कर्मचारी आधी, रजेवरचा नंतर. स्वतःच्या कंपनीचा आधी, दुसऱ्या कंपनीचा नंतर. आणि त्यांतही ज्याची नोकरी जुनी त्याचा मान पहिला. वडिलांची नोकरी किती वर्षांची, यावर मुलाची खुर्ची ठरते. कुठे प्रवास पूर्ण फुकट असतो. कुठे 'आयडी-नव्वद', म्हणजे भाड्यात शेकडा नव्वद सूट. पण सूट कितीही असो, खुर्चीची हमी नाही ती नाहीच.

शिवाय खुर्ची रिकामी दिसली म्हणजे ती रिकामी असतेच असे नाही. इंदूरचे विमानतळ समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून अधिक उंचीवर आहे. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनांचा जोरही घटतो, आणि विमानाने किती वजन घेऊन उडावे यावर मर्यादा येते. अशा दुपारी डोळ्यांसमोर रिकाम्या खुर्च्या ठेवून विमान उडून जाते आणि यादीतली माणसे खालीच राहतात. हिवाळ्यात हेच काम दिल्लीचे धुके करते. एक विमान रद्द झाले की त्यातले प्रवासी दुसऱ्या दिवशीच्या खुर्च्या भरून काढतात आणि आमची यादी दोन-दोन दिवस हलत नाही.

'तुमचे काय बुवा, फुकट विमानाने फिरता!' हे वाक्य आम्ही प्रत्येक लग्नकार्यात ऐकले आहे. त्यात असूया असे, थोडे सत्यही असे. पण ज्या घरांत दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नानाला कर्ता पुरुष नसतो, कारण पहाटेच्या विमानाचे सामान त्याला चढवून द्यायचे असते, त्या घरांना ही सवलत निव्वळ खैरात वाटत नाही. विमानाची रिकामी खुर्ची ही संध्याकाळच्या मंडईतल्या मेथीच्या जुडीसारखी असते. बाजार उठला की तिची किंमत शून्य. दार बंद होऊन विमान हलले की न विकलेली खुर्ची कोणाच्याच उपयोगाची राहत नाही. कंपनी ती आपल्या माणसांना देते. तिला फारसे काही पडत नाही आणि माणसांना पगाराहून मोठे काहीतरी मिळाल्यासारखे वाटते. या देवघेवीत लबाडी नाही, औदार्यही नाही. शहाणपण आहे.

खरा प्रश्न उडता येते तेव्हा उपस्थित होत नाही. अडकून पडल्यावर होतो. तिकीटधारक प्रवासी खोळंबला तर त्याच्यामागे नियम उभे असतात. भारतात २०१० साली नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने उशीर, रद्द झालेले उड्डाण आणि नाकारलेला प्रवेश यांबाबत प्रवाशांना काय मिळावे हे ठरवून दिले. युरोपीय संघाचा २००४ सालचा नियम आणखी स्पष्ट आहे : जो फुकट प्रवास करतो, किंवा सर्वसामान्यांना न मिळणाऱ्या सवलतीच्या भाड्याने जातो, त्याला तो लागूच होत नाही. म्हणजे आम्हांला. आम्ही त्या इमारतीत ग्राहक नसतो, कर्मचारी नसतो आणि पाहुणेही नसतो. अशा वेळी अडकलेल्या कुटुंबाचे पाय साहजिकच ओळखीच्या दाराकडे वळतात : कर्मचाऱ्यांचे कँटीन, त्यांचा विश्रांतिकक्ष, रात्रपाळीची त्यांची बस.

एके काळी ही दारे सैल होती. बिजासन टेकडीजवळची जागा होळकर संस्थानाने १९३५ साली विमानतळासाठी निवडली आणि १९४८च्या जुलैत मुंबई, ग्वाल्हेर व दिल्लीशी इंदूरची विमानसेवा सुरू झाली. नंतरची कित्येक दशके हे विमानतळ एखाद्या मोठ्या वाड्यासारखे होते. सगळे सगळ्यांना ओळखत. मागच्या खोलीत चहा उकळत असे आणि आम्हां मुलांना त्या खोलीतले बाकडे घरच्या ओसरीसारखे वाटे. पुढे डिसेंबर १९९९मध्ये काठमांडूहून निघालेल्या विमानाचे अपहरण झाले. २००० साली जयपूरपासून सुरुवात करून विमानतळांची सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे जाऊ लागली. परवानापत्र गळ्यात नाही त्याला मागच्या दाराने प्रवेश नाही, हा नियम कडक झाला. ओसरी गेली याची हळहळ आम्हांला वाटली, हे खरे. पण एका गोष्टीचा उलगडा त्या बंद दाराच्याही आधी, एका रात्री आमच्या घराला झाला होता.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आई मुंबईत होती आणि इंदुरात आजोबा अत्यवस्थ असल्याचा निरोप गेला. दिवसाला एक-दोनच विमाने असण्याचे ते दिवस. संध्याकाळचे विमान भरून गेले. तिचे नाव यादीत पहिले होते, पण यादीच उघडली नाही. इंदूरची रात्रीची गाडीही तोवर सुटलेली. आता सकाळच्या विमानाखेरीज दुसरा मार्ग नव्हता. वडिलांचे सहकारी धावून आले. 'वहिनी, आत चला, विश्रांतिकक्षात खाट आहे, चार तास पडून घ्या,' असे त्यांनी आग्रहाने सांगितले. आई आत गेली. चार खाटा होत्या. दोनवर माणसे झोपली होती, बूट काढण्याचेही भान न राहिलेली. तिसरीवर कोणाची तरी पिशवी. चौथी रिकामी. 'ही कोणाची?' तिने विचारले. उत्तर मिळाले, दोन वाजता पाळी संपवून येणाऱ्या लोडरची. पण तो काय, खुर्चीवरही झोपेल, त्याला सवय आहे.

आईने चहा घेतला. कूपनाचे पैसे दिले. कंपनीच्या फोनवरून इंदूरला निरोप द्यायला मात्र तिने नाही म्हटले नाही. खाटेवर ती निजली नाही. बाहेरच्या दालनात, बाकड्यावर, पिशवी उशाशी घेऊन रात्रभर बसून राहिली. सकाळच्या विमानाला दोन प्रवासी आले नाहीत आणि तिला जागा मिळाली. ती पोचली तेव्हा आजोबांची वाचा गेली होती, ओळख होती. त्यांनी तिचा हात धरला. तिसऱ्या दिवशी ते गेले.

या रात्रीवर आमच्या घरांत पुढे पुष्कळ वाद झाला. एक पक्ष म्हणे, हा फुकाचा ताठा. ज्या बाईचा बाप मरणाच्या दारी आहे तिला एक खाट द्यायची नाही, तर ती खाट हवी कशाला? शिवाय कर्मचाऱ्याच्या कुटुंबाने वर्षानुवर्षे त्याच्या पाळ्या सोसल्या आहेत. त्या खाटेवर तिचाही हक्क आहे. दुसरा पक्ष म्हणे, सोसले ते खरे. पण दोन वाजता येणाऱ्या लोडरच्या घरच्यांनीही सोसलेच आहे. आई स्वतः या वादात पडली नाही. 'त्याला सहा वाजता पुन्हा वजने उचलायची होती,' एवढेच ती म्हणाली.

आम्हांला वाटते, त्या एका वाक्यात सारा निवाडा आहे. या मुलखात अडलेल्या वाटसरूची आठवण निघाली की अहिल्याबाईंचे नाव येतेच; १७६७ ते १७९५ या त्यांच्या कारकिर्दीत देशभर घाट, विहिरी आणि धर्मशाळा उभ्या राहिल्या आणि इंदूरचे विमानतळ आज त्यांचेच नाव धारण करते. धर्मशाळेत शिरण्यासाठी एकच पात्रता लागे : तुम्ही वाटसरू असणे. कर्मचाऱ्यांचा विश्रांतिकक्ष ही धर्मशाळा नव्हे. ती शेतातल्या राखणदाराच्या माळ्यासारखी कामाची वस्तू आहे. पाहुण्याने माळ्यावर झोप काढली तर राखणदाराला अंग टेकायला जागा उरत नाही, आणि पीक मात्र त्यालाच राखायचे असते. विमानाच्या धंद्यात तर झोप हे सुरक्षेचे साधन आहे. वैमानिकांच्या उड्डाणाचे आणि विश्रांतीचे तास कायद्याने मोजले जातात ते उगाच नव्हे. अपुऱ्या झोपेने सामान चढविणारा, इंजिन तपासणारा माणूस हा त्या विमानातल्या प्रत्येकाच्या जिवाशी निगडित आहे. त्यात उद्या कदाचित आम्हीही असू.

म्हणून विभागणी करता येते, असे आम्हांला वाटते. जे दिल्याने कमी होत नाही ते मागावे आणि मोकळ्या मनाने घ्यावे : माहिती, एखादा फोन, धीराचा शब्द, पैसे देऊन चहा. जे एकाला दिले की दुसऱ्याचे जाते, ते काम करणाऱ्याचे आधी : खाट, बसमधली जागा, मोजून रांधलेले ताट. मात्र याचा अर्थ अडकलेल्या बाईने रात्र बाकड्यावर काढावी हे योग्य आहे, असा नाही. बाकड्यावर तिला पाठ टेकता आली पाहिजे, पिण्याचे पाणी आणि स्वच्छ मोरी जवळ असली पाहिजे, निर्धास्त डोळा लागला पाहिजे. आणि हे सर्व कोणाची पत्नी म्हणून नव्हे, तर वाटसरू म्हणून. आजच्या विमानतळांवर बाकांना मधोमध लोखंडी हात बसवितात, कोणी आडवे होऊ नये म्हणून. धर्मशाळेची उणीव आपण सार्वजनिक दालनांत ठेवायची आणि ती ओळखीच्या दारांतून भरून काढायची, हे काही बरे लक्षण नाही. ज्याला ओळख नाही त्याने मग कुठे जावे?

सवलत किती ठिसूळ असते हे पुढच्या वर्षांनी दाखविले. १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेजचे शेवटचे विमान उडाले आणि हजारो घरांतले पास एका रात्रीत कोरे कागद झाले. पगार थकलेला होता तो वेगळाच. जानेवारी २०२२मध्ये एअर इंडिया टाटा समूहाकडे गेली आणि मुंबईत कालिना येथील वसाहतींत राहणाऱ्या कर्मचाऱ्यांवर घरे सोडण्याची पाळी आली. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. या दोहोंत आम्ही फरक करतो. रिकामी खुर्ची ही उरलेल्यातून दिलेली वस्तू आहे. ती उरली नाही तर तक्रार नाही. राहते घर उरलेल्यातून दिलेले नसते. त्याच्या भरवशावर माणूस बदली स्वीकारतो, मुलांच्या शाळा ठरवितो, आयुष्य आखतो. पहिल्या वस्तूला हक्क म्हणणे हा हट्ट आहे, आणि दुसरीला निव्वळ सवलत म्हणणे हा अन्याय. हा विवेक सुटला की मालक आणि कामगार दोघेही एकाच शब्दाने दोन वेगळ्या गोष्टी बोलत राहतात.

आता काळ पालटला आहे. इंदुरातून दिवसभर विमाने सुटतात, स्वस्त तिकिटे निघतात आणि आमच्या घरांतली मुले वेळ निश्चित हवी असेल तेव्हा सरळ तिकीट काढतात. त्या रात्रीनंतर घरात एक म्हण रूढ झाली : आनंदाला पास, दुःखाला तिकीट. तरीही यादीवरच्या त्या वर्षांनी आम्हांला जे दिले ते सर्वस्वी वाया गेले असे वाटत नाही. नीटनेटके कपडे करावेत, शेजारच्या प्रवाशाला आपण किती पैसे दिले ते सांगू नये, हवाई सुंदरीशी हुज्जत घालू नये, हे तर सारेच पासवाले शिकतात. त्यापलीकडे एक गोष्ट शिकायला मिळाली. दार डोळ्यांदेखत बंद झाल्यावर, आत बसलेल्यांविषयी मनात राग न धरता बॅग उचलून मागे फिरायचे. आणि मागे फिरताना रिकामी खाट दिसली, तर तिच्यावर बसण्याआधी ती कोणाची आहे, एवढे विचारून घ्यायचे.