पट्टा, पाना आणि टॉर्च

घरातली बहुतेक यंत्रं मरण्यापूर्वी निरोप धाडतात. मिक्सर आधी घरघरतो, पंखा कुरकुरतो, फ्रीज रात्री-अपरात्री दमेकऱ्यासारखा खोकतो. आपल्याला निदान शेजाऱ्यापाजाऱ्यांचा सल्ला घ्यायला सवड मिळते. मोटारीचा टायमिंग बेल्ट मात्र या सभ्य संप्रदायातला नाही. आत्ता असतो आणि पुढच्या क्षणी नसतो. इंजिन एकदम मौन धरतं.

आमच्या २००९ सालच्या मारुती आठशेनं हे मौन धरलं ते २०२३ च्या पावसाळ्यात, एका संकष्टीला, थेऊरच्या चिंतामणीचं दर्शन घेऊन लोणी काळभोरला परतताना. विघ्नहर्त्याच्या दारातून निघताच विघ्न, असं मी म्हणणार होतो. पण आई आधीच म्हणाली, "बघ, दर्शन होईपर्यंत देवानं गाडी सांभाळली की नाही!" देवाचं हे एक बरं असतं. त्याच्या बाजूनं बोलणारं माणूस गाडीतच बसलेलं असतं.

शेजारच्या बापूंनी ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी अंगणात आणून सोडली. आमचं लोणी म्हणजे तेल कंपन्यांच्या डेपोंचं गाव. सोलापूर रस्त्याला टँकरच्या रांगा. त्यामुळे इथल्या निम्म्या लोकांना इंजिनातलं कळतं, आणि उरलेल्या निम्म्यांना आपल्याला कळतं असं वाटतं. पंधरा मिनिटांत अंगणात सात तज्ज्ञ जमले.

"पेट्रोल चढंना झालंय."

"कॉइल गेली असंल."

"सेल्फ मारा बरं एकदा," बापू म्हणाले, "आवाजावरनं सांगतो."

तेवढ्यात पडवीतून आवाज आला, "किल्लीला कुणी हात लावायचा नाही!"

नाना, म्हणजे आमचे वडील. वय सत्त्याहत्तर. हडपसरच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं फिटर होते. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून घरात त्यांच्याकडे एकच काम उरलं होतं : 'तुम्ही बसा.' बल्ब बदलायचाय? नाना, तुम्ही बसा. नळ गळतोय? नाना, तुम्ही बसा. आज ते उठले. काठी टेकत आले, टायमिंगच्या झाकणाचे वरचे बोल्ट सैल केले आणि मला म्हणाले, "टॉर्च धर." फटीतून पट्ट्याचं तुटकं, दात झडलेलं टोक दिसलं. सातही तज्ज्ञ एकदम म्हणाले, "तरी मला वाटलंच!"

मग नानांनी पट्ट्याचं निरूपण केलं. खाली क्रँक फिरतो, वर कॅम. कॅम व्हॉल्व्ह उघडझाप करतो. दोघांना वेळेवर नाचवणारा तो हा दातेरी रबरी पट्टा. "क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक. म्हणजे तुझी आई स्वयंपाकघरात दोनदा जाते, तेव्हा मी एकदा जागचा उठतो, तसं." पट्टा तुटला की वरचा खालच्याचं ऐकत नाही. काही इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये मोकळी जागा ठेवलेली असते. काहींत नसते. नसेल तर दोघं आदळतात, व्हॉल्व्ह वाकतो आणि दुरुस्तीचं बिल बघून मालकही वाकतो. जुन्या फियाटला साखळी होती. ती झिजली की खडखडायची, मालकाला जाग यायची. मग १९६२ साली ग्लास नावाच्या जर्मन कारखान्यानं विकायच्या मोटारीत प्रथम रबरी पट्टा घातला. आवाज गेला आणि त्याबरोबर सूचनाही गेली.

गॅरेजला फोन केला. त्यांनी गाडी न बघताच हेड उतरवायचं ठरवलं. नानांनी नुसती मान हलवली. नवा पट्टा चार-पाच लिटर पेट्रोलच्या किमतीत आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू झालं. बॅटरीची वायर काढली, फॅन बेल्ट उतरवला, क्रँकची पुली खोलली. नाना स्टुलावर, बापू जमिनीवर, मी टॉर्चला. टॉर्च धरणं हे जगातलं एकमेव काम आहे, जे आजवर कुणालाच नीट जमलेलं नाही. "वर धर. अरे, माझ्या डोळ्यांत नको. पुलीवरची खूण दाखव, आकाश नको दाखवू!" चाळीस वर्षांपूर्वी सायकल दुरुस्त करतानाही ते हेच बोलत होते. फरक एवढाच, की परवापर्यंत आम्ही त्यांना 'बसा' म्हणत होतो आणि आज ते आम्हाला 'हलू नका' म्हणत होते.

कॅमची खूण खुणेला लावली, क्रँकची खुणेला लावली, पट्टा चढवला, टेन्शनर आवळला. बापू म्हणाले, "झालं! मारा आता."

"थांबा." नानांनी पाना बापूंच्या हातात दिला. "आधी हातानं दोन पूर्ण फेरे. सावकाश."

अंगण चिडीचूप. आई दारात येऊन उभी राहिली. तिचं लक्ष गाडीकडे नव्हतंच, ती नानांचा हात बघत होती. पान्याबरोबर त्यांची बोटंही नकळत फिरत होती. एक फेरा. दुसरा. कुठं अडलं नाही. खुणा पुन्हा समोरासमोर आल्या. नाना हलकेच म्हणाले, "हाताला अडलं तर हात थांबतो. किल्लीला थांबणं ठाऊक नसतं."

मग झाकण बसलं, पुली बसली, वायर जोडली. किल्ली मात्र नानांनीच फिरवली. गाडीनं एक आळस दिला आणि ती आपल्या तीन सिलिंडरांच्या आवाजात बोलायला लागली. सातही तज्ज्ञांनी एकमेकांचं अभिनंदन केलं.

नानांनी पांढरा रंग मागवला आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला तारीख नि किलोमीटर लिहिले. त्याखाली लिहिलं : 'पुढचा, ५ वर्षांनी.'

बापू म्हणाले, "नाना, तवा तुमी ब्याऐंशीचे व्हाल की!"

"मग? मी काय पळायला जाणार आहे का? स्टुलावर बसूनच करायचंय," नाना म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "तू तेवढा तोपर्यंत टॉर्च सरळ धरायला शीक."