थेंबांचा हिशेब

चेन्नई शहराच्या मध्यभागी नुंगंबाक्कम नावाची जुनी वस्ती आहे. १७९२ साली येथे वेधशाळा उभारली गेली. तिचा दगडी स्तंभ अजून उभा आहे आणि त्याच आवारात आज हवामान खात्याचे प्रादेशिक केंद्र आहे. शहरावर पडणाऱ्या पावसाची नोंद तेथे इमानेइतबारे ठेवली जाते.

याच वस्तीत एकेकाळी मोठा तलाव होता. वाढत्या शहराला जागा हवी होती, म्हणून तो बुजवला गेला. त्याच्या तळावर १९७६ साली वळ्ळुवर कोट्टम हे भव्य स्मारक उभे राहिले. घरे झाली, रस्ते झाले. त्या भागाला लोक आजही ‘लेक एरिया’ म्हणतात. तलाव केवळ पत्त्यात उरला आहे.

चेन्नईत वर्षाकाठी सरासरी सुमारे १,४०० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातील निम्म्याहून अधिक ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांतच कोसळतो. पूर्वी हे पाणी तलाव सामावून घेत. आता ते घरांत शिरते, आणि वाहून गेले की उन्हाळ्यात टंचाई येते. डिसेंबर २०१५ च्या आरंभी नुंगंबाक्कम येथे चोवीस तासांत २९० मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला आणि शहर बुडाले. अवघ्या चार वर्षांनी, २०१९ च्या उन्हाळ्यात, शहराचे चारही प्रमुख जलाशय जवळजवळ आटले. जुलैमध्ये जोलारपेट्टैहून २५ लाख लिटर पाणी घेऊन रेल्वेगाडी आली. तीन वर्षांपूर्वी, २०१६ साली, लातूरकरांनीही मिरजेहून येणाऱ्या पाण्याच्या गाडीची अशीच वाट पाहिली होती.

हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. त्यामुळे जग तापत जाईल तसा पाऊसही अधिक जोराने कोसळू लागेल. हे पुष्कळांना ठाऊक आहे. तरीही पूर ओसरला की पुराचा आणि पाऊस आला की टंचाईचा विसर पडतो. तहान लागल्यावर विहीर खणण्याची वृत्ती लातुरात काय आणि चेन्नईत काय, सारखीच आहे.

यावर उपाय म्हणून तामिळनाडू शासनाने २००३ साली प्रत्येक इमारतीला पाऊसपाणी साठवण्याची सोय सक्तीची केली. घरोघरी छपरांना नळ्या बसल्या, अंगणात वाळू-खडीचे शोषखड्डे झाले. पुढच्या काही वर्षांत अनेक विहिरींचे पाणी वर आले. पुढे मात्र पुष्कळ ठिकाणी नळ्या तुटल्या, खड्डे गाळाने भरले. कोणी म्हणाले, हे सरकारचे काम. कोणी म्हणाले, एकट्या घराने काय होणार?

या प्रश्नाचे उत्तर साध्या गणितात आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर एक लिटर पाणी मिळते. म्हणजे शंभर चौरस मीटरच्या छपरावर चेन्नईत वर्षभरात सुमारे १,४०,००० लिटर पाणी पडते. त्यातील काही वाया गेले, तरी उरलेले जमिनीत मुरवता येते. थेंबे थेंबे तळे साचते, ते असे. कायद्याने शोषखड्डा खणून घेता येतो. परंतु दरवर्षी पावसाळ्यापूर्वी त्यातील गाळ काढायचा, तर घरातल्याच माणसाला हात लावावा लागतो.