खिडकीला नुसती नजर नको, गज हवेत

झाशीचा किल्ला पाहायला गेलेल्या प्रत्येकाला तटावरची एक जागा हटकून दाखवली जाते. एप्रिल १८५८मध्ये इंग्रजांच्या वेढ्यातून निसटताना राणी लक्ष्मीबाईंनी दामोदररावांना पाठीशी बांधलं आणि घोड्यासह इथून खाली उडी घेतली, असं सांगतात. तटाची उंची पाहून पोटात गोळा येतो. या आख्यायिकेत शौर्य तर आहेच, पण आईचं साधं शहाणपणही आहे. गोष्टीतली राणी मुलाला ‘घट्ट धरून बस हं’ असं सांगून थांबत नाही. ती त्याला बांधून घेते.

आजच्या घरांत मात्र नेमकं उलट घडतं. दोन-तीन वर्षांच्या मुलाला दिवसातून दहा वेळा बजावलं जातं, “खिडकीशी जाऊ नकोस, पडशील!” आणि बजावलं की आपलं कर्तव्य संपलं, असं मोठ्यांना वाटतं. पण त्या वयाच्या मुलाला ‘पडणं’ म्हणजे फार तर दिवाणावरून सतरंजीवर पडणं ठाऊक असतं. दुसऱ्या मजल्याची उंची त्याला कळत नाही. त्याला कळतं ते एवढंच की खाली गाय आली आहे, शेजारचा दादा सायकल चालवतो आहे, बरातीचा बँड वाजतो आहे. ते सगळं त्याला पाहायचं असतं.

शिवाय त्याच्या शरीराची ठेवणही वेगळी असते. लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं आणि जड असतं. त्यामुळे कठड्यावरून जरा जास्त वाकलं की तोल सरळ डोक्याच्या बाजूला जातो. हातात स्वतःला मागे खेचण्याइतकी ताकद नसते. हे सगळं दोन-चार क्षणांत घडतं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून धावत येणं कोणत्याही आईला शक्य नसतं.

कूलर काढल्यानंतरची खिडकी

झाशीचा उन्हाळा भल्याभल्यांना नकोसा होतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. दिवसभर लू वाहते, म्हणून खिडक्या बंद आणि पडदे ओढलेले असतात. संध्याकाळी वारा पडला की सगळ्या खिडक्या एकदम सताड उघडल्या जातात. दिवसभर कोंडलेली मुलं साहजिकच तिकडे धावतात.

त्यातच कूलरची भर. अनेक घरांत कूलर खिडकीत बसवण्यासाठी लोखंडी ग्रिलचा तेवढा भाग कापून घेतात. उन्हाळा संपला की कूलर गच्चीवर जातो आणि त्या भगदाडाला पुठ्ठा किंवा प्लायवुडचा तुकडा लावला जातो. मोठ्यांच्या दृष्टीने खिडकी बंद झाली. मुलाने त्या पुठ्ठ्यावर हात टेकून भार दिला, तर तो टिकेल का, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही.

मच्छरजाळीचंही तसंच. जाळी डास अडवण्यासाठी असते, मूल अडवण्यासाठी नाही. मुलाने अंग टेकलं की जाळी चौकटीतून निसटू शकते. जाळी आहे म्हणून आई निर्धास्त होते, आणि धोका नेमका तिथेच असतो.

जुने गज, नवी काच

अठराव्या शतकात नारो शंकरांच्या काळापासून झाशीत मराठी घरं नांदत आली. जुन्या वाड्यांच्या खिडक्यांना उभे गज असत. दिसायला साधे, पण उभ्या गजावर पाय ठेवायला जागा नसते, म्हणून मूल चढू शकत नाही. आताच्या घरांत मोठ्या सरकत्या काचा आल्या. उजेड वाढला, शोभा वाढली आणि गज गेले. जिथे ग्रिल आहे, तिथेही आडव्या पट्ट्यांची नक्षी असते. मुलासाठी ती शिडीच.

जरा हिशेब करून पाहा. तीन वर्षांच्या मुलाची उंची साधारण तीन फूट. खिडकीचा कठडाही जमिनीपासून तीन फुटांवर असला, तर जमिनीवर उभ्या मुलाला बाहेरचं काही दिसत नाही. पण खिडकीखाली दीड फुटाचा दिवाण ठेवला, की त्यावर उभ्या मुलाच्या कमरेशी कठडा येतो. वर एक उशी ठेवली, की कठडा कमरेच्याही खाली.

न्यूयॉर्कने शोधलेला उपाय

अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहरात उंच इमारतींच्या खिडक्यांतून मुलं पडण्याचे प्रकार वारंवार होऊ लागले. तेव्हा १९७२मध्ये तिथल्या आरोग्य खात्याने ‘मुलांना उडता येत नाही’ अशा अर्थाच्या नावाची मोहीम सुरू केली. घरोघरी जाऊन आईवडिलांना समजावलं, आणि त्याच्याच जोडीला गरजू कुटुंबांना खिडकीसाठी संरक्षक गज फुकट दिले. ब्राँक्स भागात १९७३ ते १९७५ या काळात अशा अपघातांच्या नोंदी निम्म्याने घटल्या. १९७६मध्ये दहा वर्षांपर्यंतची मुलं असलेल्या भाड्याच्या घरांना गज बसवणं घरमालकांवर बंधनकारक झालं.

पैसा असला म्हणजे घर सुरक्षित, असंही नाही. प्रसिद्ध गायक एरिक क्लॅप्टन यांचा चार वर्षांचा मुलगा त्याच शहरात २० मार्च १९९१ रोजी ५३व्या मजल्यावरून पडून गेला. सफाईच्या वेळी खिडकी उघडी राहिली होती. घरात मोठी माणसं होती. पुढे क्लॅप्टन यांनी खिडक्या सुरक्षित करण्याच्या प्रचारात भाग घेतला.

आपल्याकडे मूल पडलं की पहिला प्रश्न असतो, “आई काय करत होती?” ती पोळ्या लाटत होती, धाकट्याला पाजत होती, सासूबाईंना औषध देत होती. ‘खिडकीला गज का नव्हते?’ हा प्रश्न घरातल्या कर्त्या पुरुषाला आणि घरमालकाला क्वचितच विचारला जातो. खरं तर तोच आधी विचारायला हवा.

हे करून घ्या

• खिडकीला उभ्या गजांचं ग्रिल बसवा. दोन गजांमधलं अंतर चार इंचांपेक्षा जास्त नको. ते भिंतीत किंवा चौकटीत पक्कं हवं.

• एका खिडकीचं ग्रिल आतून उघडणारं ठेवा. आग लागली तर बाहेर पडायला वाट हवी. कुलूप लावत असाल, तर किल्ली मुलाचा हात पोहोचणार नाही, पण मोठ्या सगळ्यांना ठाऊक असेल अशा जागी टांगा.

• कूलर काढला, की त्याच आठवड्यात वेल्डिंगवाल्याकडून त्या जागेपुरता लोखंडी तुकडा बनवून बोल्टने बसवून घ्या. पुढच्या उन्हाळ्यात तो काढता येतो.

• झाशी रेल्वेचं मोठं जंक्शन. बदलीवर येणारी कितीतरी कुटुंबं भाड्याच्या घरात राहतात. त्यांनी घरमालकाशी घर घेतानाच बोलावं. घर सोडताना काढून नेता येईल असं बोल्टचं ग्रिलही मिळतं.

• सरकत्या काचेच्या पट्टीत अडकण बसवा, म्हणजे ती चार इंचांपलीकडे सरकणार नाही.

• दिवाण, खुर्ची, पेटी, खेळण्यांची टोपली खिडकीपासून दूर हलवा. पडद्याच्या लोंबत्या दोऱ्या वर बांधा. त्यांचा फास मुलाच्या गळ्याला बसू शकतो.

इतकं करूनही मूल पडलंच, तर घाईघाईने उचलून हलवू नका. जागेवर दुसरा धोका नसेल, तर मान आणि पाठ स्थिर ठेवा, पाणी पाजू नका आणि १०८वर रुग्णवाहिका बोलवा. मूल लगेच रडून खेळायला लागलं, तरी डॉक्टरांना दाखवाच. उलटी, गुंगी, झटका, कानानाकातून रक्त किंवा पाणी येणं, यातलं काहीही दिसलं तर तसंच मोठ्या रुग्णालयात न्या.

गजांचा खर्च एकदाच होतो आणि ते घरातल्या प्रत्येक पुढच्या बाळाच्या कामी येतात. शिवाय आई चहाचं आधण उतरवायला आत गेली, तरी ते जागचे हलत नाहीत.