काळ आणि अकाल

‘काळ’ हा शब्द मराठीने दुहेरी अर्थाने वापरला आहे. घड्याळात मोजला जातो तोही काळ आणि माणसाला उचलून नेतो तोही काळच. अपघातातून वाचलेल्या नातवाच्या डोक्यावरून हात फिरवीत आजी म्हणते, ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती.’ जो वाचत नाही त्याच्या छायाचित्राखाली ‘अकाली निधन’ असे छापून येते.

आम्हां धर्मगुरूंच्या कानी हे शब्द इतरांपेक्षा अधिक वेळा पडतात. दफनविधीपूर्वी प्रार्थनेसाठी एखाद्या घरी गेलो, की उंबऱ्यापाशीच कोणी वडीलधारा दबल्या आवाजात सांगतो, “फादर, वेळच भरली होती त्याची.” बोलणाऱ्याचा हेतू सांत्वनाचा असतो, हे आम्ही जाणतो. परंतु आत शवपेटीजवळ बसलेल्या आईला हे वाक्य ऐकून काय वाटत असेल? वेळ भरली, म्हणजे कोणी भरली? देवाने हाती घड्याळ धरून तिच्या तीस वर्षांच्या मुलाचे क्षण मोजले काय? प्रवचनात आम्ही पुनरुत्थानाविषयी बोलतो आणि ते सत्य मानूनच बोलतो. पण उंबऱ्यावरच्या त्या वाक्याला काय म्हणावे, हा प्रश्न पुष्कळ वर्षे आमच्या मागे लागलेला होता.

त्याचा एक धागा आम्हांस अनपेक्षित ठिकाणी, शीख धर्मविचारात, सापडला. सेमिनरीतील आमच्या अभ्यासात शीख धर्माला फारशी जागा नव्हती. 1965 साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने इतर धर्मांविषयी जो प्रसिद्ध जाहीरनामा काढला, त्यातही हिंदू, बौद्ध, इस्लाम आणि यहुदी धर्मांचा नामोल्लेख आहे, शिखांचा नाही. वास्तविक महाराष्ट्रातील ख्रिस्ती माणसाला ते काही दूरचे नव्हेत. 1708 साली गुरू गोविंदसिंगांनी नांदेडला, गोदावरीच्या काठी, देह ठेवला आणि त्यापूर्वी ग्रंथालाच गुरुपद दिले. शिखांच्या पाच तख्तांपैकी एक तेथे आहे. त्या ग्रंथात आमच्या नामदेवांची 61 पदे आहेत. 2015 साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पंजाबातील घुमान येथे भरले, तेही नामदेवांच्याच नात्याने.

कामानिमित्त मराठवाड्यात गेलो असता आम्ही हजूर साहिबचे दर्शन घेतले. लंगरात जेवण झाल्यावर एका वयोवृद्ध ग्रंथींशी बोलण्याचा योग आला. बोलता बोलता आम्ही विचारले, “कोणी अकाली गेला, तर त्याच्या घरच्यांना तुम्ही काय सांगता?” ते क्षणभर गोंधळले. मग म्हणाले, “फादरजी, अकालाकडेच तर सगळे जातात.” पंजाबीत कोणी मरण पावले तर त्याने ‘अकाल चलाणा’ केला असे म्हणण्याची रीत आहे, हे आम्हांस तेव्हा कळले. आमच्या भाषेत ‘अकाली’ म्हणजे वेळेच्या आधी, चुकलेल्या घटकेस; त्यांच्या भाषेत ‘अकाल’ हे देवाचे नाव. जो काळाच्या पलीकडे आहे, ज्याला काळ खाऊ शकत नाही, तो अकाल. ‘सत श्री अकाल’ म्हणून रस्त्यात नमस्कार करणारा ट्रकचालकही, जाणता अजाणता, ही धर्मशिकवण उच्चारीत असतो.

पुढे आम्ही जमेल तसे वाचन केले. गुरू नानक (1469 ते 1539) यांच्या जपजीत एक प्रश्न येतो: सृष्टी निर्माण झाली ती कोणत्या वेळी, कोणत्या तिथीस, कोणत्या वारी, कोणत्या ऋतूत? नानक उत्तर देतात की ते पंडितांस ठाऊक नाही, काझींस ठाऊक नाही, योग्यांसही नाही. ज्याने निर्मिले त्यालाच ते ठाऊक. दुसऱ्या एका रचनेत ते सृष्टीपूर्वीच्या स्थितीचे वर्णन करतात. गणना करता येणार नाही असा अंधार, पृथ्वी नाही, आकाश नाही, दिवस-रात्र नाही, चंद्र-सूर्य नाहीत. केवळ त्याचा हुकूम. हे वाचताना सेमिनरीतील तत्त्वज्ञानाचा वर्ग आठवल्यावाचून राहत नाही. संत ऑगस्टिन आपल्या ‘कबुलीजबाबा’च्या अकराव्या भागात विचारतात, सृष्टीपूर्वी देव काय करीत होता? कोणीतरी दिलेले विनोदी उत्तर ते तेथे नोंदवितात, की असले खोल प्रश्न विचारणाऱ्यांसाठी देव नरक तयार करीत होता. आम्ही विद्यार्थी त्यावर मनमुराद हसलो होतो. ऑगस्टिन स्वतः मात्र ते उत्तर स्वीकारीत नाहीत. काळ हीच देवाची निर्मिती आहे. काळच नव्हता तेथे ‘पूर्वी’ कोठून येणार, असे ते म्हणतात. प्रभू येशूने सांगितले की शेवटचा दिवस व घटका पित्यावाचून कोणास ठाऊक नाही. नानकांनी तेच पहिल्या दिवसाविषयी म्हटले. आरंभ आणि अंत ही दोन्ही टोके माणसाच्या हातून काढून घेतल्यावर उरते ते मधले अंतर, आणि शीख गुरूंचे सारे लक्ष त्या मधल्या अंतरावर आहे.

ते अंतर त्यांनी किती प्रकारे मोजून पाहिले! सातही वारांवर रचना आहेत, तिथींवर आहेत, ऋतूंवर आहेत. बारा महिन्यांवर ‘बारह माहा’ आहे. एक नानकांचे, तुखारी रागातले, आणि एक पाचवे गुरू अर्जन यांचे, माझ रागातले. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत प्रत्येक महिन्यात जीवरूपी वधू आपल्या स्वामीच्या भेटीसाठी झुरते. आणि शेवटी गुरू अर्जन सांगतात की ज्याच्यावर त्या स्वामीची कृपादृष्टी आहे त्याला सारेच महिने, दिवस आणि मुहूर्त भले. तिसरे गुरू अमरदास तर तिथी-वारांच्या पूजेला सरळ अडाणीपणा म्हणतात.

हे आम्ही मुद्दाम लिहितो. लग्नाची तारीख ठरवायला आलेले जोडपे सर्व कागदपत्रे पुरी करते, मग मुलीची आत्या मागे थांबून हळूच म्हणते, “फादर, त्या दिवशी अमावस्या आहे हो.” तीन-चारशे वर्षे बाप्तिस्मा घेतलेल्या घरांत अमावस्या अजून मागच्या दाराने येते. ‘कलियुगच आहे, फादर’ हे वाक्यही आमच्या कार्यालयात नित्य ऐकू येते. यावर नानकांचे म्हणणे मोठे मार्मिक आहे. तोच चंद्र उगवतो, तेच तारे, तोच सूर्य तापतो, तीच धरती, तोच वारा. कलियुग अमुक देशात आले किंवा अमुक तीर्थाशी बसले असे कोणी ऐकले आहे काय? युग माणसाच्या आत वर्तते. अत्याचार करणारा राजी असेल आणि ते मान्य केले जात असेल, तर तेच कलियुगाचे लक्षण समजावे.

अर्थात शीख समाजही माणसांचाच आहे. महिन्याच्या पहिल्या दिवशी, संक्रांतीला, गुरुद्वारांत ‘बारह माहा’तील त्या महिन्याचे पद वाचले जाते, आणि काहींनी त्या दिवसालाच पुन्हा पवित्र मानले. दिनदर्शिकेवरून त्यांच्यात वादही झाला. 2003 साली सौरवर्षावर आधारलेली नानकशाही दिनदर्शिका स्वीकारण्यात आली, तिच्यात नानकांच्या जन्मापासून वर्षे मोजतात. 2010 साली तिच्यात बदल झाले आणि मतभेद उरले. आम्ही हसू नये. 1582 साली पोप तेरावे ग्रेगरी यांनी 4 ऑक्टोबरनंतर थेट 15 ऑक्टोबर आणला, तेव्हा प्रॉटेस्टंट इंग्लंडला ते पटायला 1752 साल उजाडले, आणि पुनरुत्थानाचा सण पूर्वेकडील कित्येक ख्रिस्तसभा अजूनही पुष्कळदा वेगळ्या रविवारी पाळतात.

नानकांच्या ‘पहरे’ नावाच्या रचना आम्हांस सर्वांत अधिक भिडल्या. आयुष्य ही एक रात्र, तिचे चार प्रहर, आणि माणूस म्हणजे माल घेऊन निघालेला वणजारा. पहिल्या प्रहरी बालपण, दुसऱ्यात तारुण्याची धुंदी, तिसऱ्यात तळ्यावर हंस उतरतात, म्हणजे केस पांढरे होतात, आणि चौथ्यात देह क्षीण होतो. एका रचनेत चौथ्या प्रहरी शेत कापणारा येतो. आमच्याही तळ्यावर हंस उतरून बरीच वर्षे झाली; सकाळी आरशात दिसतात.

शिखाचा प्रत्येक दिवसही प्रार्थनेने बांधलेला असतो. पहाटेच्या अमृतवेळी जपजी, सायंकाळी रहरास, निजण्यापूर्वी कीर्तन सोहिला. आमच्या ब्रेव्हिअरीतील सकाळ, संध्याकाळ आणि रात्रीच्या प्रार्थनांशी याचे साम्य पाहून आम्ही थक्क झालो. सोहिला ही पाच पदांची लहानशी प्रार्थना आहे, काही मिनिटांत संपते. रोज रात्री निजताना म्हणतात तीच प्रार्थना अंत्यसंस्काराच्या वेळीही म्हणतात. तिच्यातील पहिल्या पदात मरणाला काय म्हटले आहे? लग्न. लग्नाचे साल आणि दिवस लिहिला गेला आहे. सख्यांनो, सगळ्या मिळून दाराशी तेल घाला, माझी माझ्या स्वामीशी भेट व्हावी असा आशीर्वाद द्या, असे ती वधू म्हणते.

तेल! संत मत्तयाच्या शुभवर्तमानातील दहा कुमारिका ज्याने ऐकल्या आहेत त्याला येथे थबकावेच लागेल. तेथेही मध्यरात्र, तेथेही वराचे आगमन, आणि तेथेही सारा प्रश्न तेलाचा. आम्ही रात्रीच्या प्रार्थनेत वृद्ध शिमोनाचे गीत रोज म्हणतो, प्रभू आता दासाला शांतीने जाऊ देत आहे असे सांगणारे. निजण्यापूर्वी मरणाची ही उजळणी आम्ही दीक्षेपासून करीत आलो. सोहिला वाचल्यावर ती उजळणी आम्हांस लग्नघरातील तयारीसारखी वाटू लागली.

आता उंबऱ्यावर कोणी ‘वेळ भरली होती’ म्हणाले, तर आम्ही वाद घालीत नाही. आत जाऊन त्या आईजवळ बसतो. देवाने तुझ्या मुलाचे क्षण मोजले, असे आम्ही तिला सांगत नाही. ज्याच्या घरी तो गेला तेथे वेळेआधी किंवा वेळेनंतर असे काही नाही, एवढे सांगतो. एका माउलीने यावर विचारले, “मग फादर, त्याला तिथे वाट पाहावी लागणार नाही ना माझी?” तिला आम्ही “नाही” म्हणालो, आणि अजूनही तेच म्हणू.

दोन्ही श्रद्धा एकच आहेत असा याचा अर्थ नव्हे. शीख विचारात चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा आहे, आणि मनुष्यजन्म ही देवाला भेटण्याची पाळी आली आहे, ती दवडू नये, असे गुरू बजावतात. आम्ही एकच जन्म मानतो. भेद याहूनही खोल आहे. मूलमंत्रात ईश्वराला अकाल म्हटले, तसेच ‘अजूनी’, म्हणजे कोणत्याही योनीत न येणारा, असेही म्हटले. काळाच्या पलीकडचा तो काळात जन्म घेणार नाही. आमचा विश्वासांगीकार येथे वेगळी वाट धरतो. त्यात कन्या मरियेचे नाव आहे, आणि चक्क एका रोमन सुभेदाराचे, पोंती पिलाताचेही. दर रविवारी आम्ही त्याचा उच्चार करतो, कारण देवाचा पुत्र एका मोजता येणाऱ्या सालात, एका राजवटीत, तेहतिशीच्या आसपास मरण पावला असे आम्ही मानतो. आमच्या मराठीच्या अर्थाने तोही अकालीच गेला. हे आम्ही नांदेडच्या त्या ग्रंथींनाही सांगितले. त्यांनी ते नीट ऐकून घेतले, पटल्याचे काही दाखविले नाही, आणि आम्हीही तशी अपेक्षा केली नव्हती.

पुनरुत्थानाच्या जागरणरात्री आम्ही मोठ्या मेणबत्तीवर क्रूस कोरतो, ग्रीक वर्णमालेतील पहिले व शेवटचे अक्षर कोरतो, आणि क्रुसाच्या चार कोनांत चालू वर्षाचे चार आकडे. सर्व काळ ख्रिस्ताचा आहे, असे शब्द त्या वेळी उच्चारले जातात. तीच मेणबत्ती वर्षभर दफनविधीच्या वेळी शवपेटीजवळ पेटवून ठेवतात. एखाद्या मोठ्या धर्मग्रामात नोव्हेंबर उजाडेपर्यंत तिची ज्योत त्या आकड्यांच्या पुष्कळ जवळ येऊन पोहोचलेली असते.