भिंगाखालचा चहा

भिवंडीहून निघायच्या आदल्या रात्री बाबांनी कपाटातलं त्यांचं घडीचं पितळी भिंग काढलं आणि माझ्या हातात ठेवलं. "श्रीलंकेत चहा घ्याल तो यातून बघून घ्या. डब्याच्या चित्रावर जाऊ नका." बाबांनी चाळीस वर्षं ग्रे, म्हणजे कोऱ्या, कापडाची दलाली केली. तागा उलगडायचा, भिंग टेकवायचं, इंचात उभे धागे किती आणि आडवे किती ते मोजायचे, एक सूत सोडवून दोन बोटांत त्याचा पीळ बघायचा आणि मगच भावाची गोष्ट काढायची, अशी त्यांची रीत. डॉक्टरांनी दूध-साखरेचा चहा बंद केल्यापासून त्यांचं सकाळी उठण्यात लक्ष नव्हतं. ताईनं आणि मी ठरवलं होतं की आणायचा तर बाबांना बिनदुधाचा आवडेल असाच चहा आणायचा.

मुंबईहून कोलंबो अडीच तासांवर. तिथून बसनं कँडीला गेलो आणि पहिल्याच संध्याकाळी चूक केली. तळ्याजवळच्या एका दुकानात नक्षीच्या लाकडी पेटीतला चहा घेतला. भाव भरमसाट, पेटी देखणी. खोलीवर येऊन उघडली तर आत कागदी पुड्या, आणि त्यांना अत्तरासारखा वास. एक पुडी फाडून भुकटी भिंगाखाली धरली. तांबूस काड्या, राखाडी चुरा, आकाराला मेळ नाही. बाबांच्या भाषेत सांगायचं तर कांजी मारून कडक केलेलं कापड. पाण्यात पडलं की खरं रूप दिसतं.

दुसऱ्या दिवशी हंतानाच्या डोंगरावरच्या चहा संग्रहालयात गेलो. ही इमारत म्हणजे 1925 साली बांधलेला चहाचा कारखाना. इथे कळलं की ज्या चहामुळे जग या बेटाला ओळखतं, तो इथला मूळचा नव्हे. आधी इथे कॉफी होती. 1869 पासून कॉफीच्या पानांवर तांबेरा पडला आणि काही वर्षांत मळे बसले. त्याच्या दोन वर्षं आधी, 1867 मध्ये, जेम्स टेलर नावाच्या स्कॉटिश माणसानं लूलकंदेराच्या मळ्यात 19 एकरांवर चहा लावला होता. बुडालेल्या मळेवाल्यांना तोच आधार झाला. 1883 साली कोलंबोत चहाचा लिलाव सुरू झाला, तो आजही चालतो.

कँडीहून नानू ओयापर्यंतची रेल्वे म्हणजे चार तासांची चढण. कँडी पाचशे मीटरवर, नानू ओया सोळाशेच्या वर. हॅटननंतर रुळांच्या दोन्ही अंगांना चहाच दिसतो, कंगव्यानं भांग पाडावा तसा ओळीओळीनं. तलवाकेलेपाशी दरीत धबधबे दिसतात आणि डब्यातली सगळी माणसं एका बाजूच्या खिडक्यांशी जमतात. नानू ओयाहून पुढचा मुक्काम नुवारा एलिया. ते 1,868 मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा दोनशे मीटरनं उंच. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा होता. रात्री दोन रजया घ्याव्या लागल्या. याच दिवसांत, जानेवारी ते मार्च, या बाजूला कोरडी गार हवा असते. झाड हळू वाढतं, कोवळं पान थोडं येतं, पण त्यात वास साठून राहतो. पूर्वेकडच्या उवा भागात हेच दिवस जुलै ते सप्टेंबरात येतात. म्हणून चहा घेताना "कोणता मळा" याच्याबरोबर "कोणत्या महिन्याचा" हेही विचारायचं. हे मला एका खुडणाऱ्या बाईनं शिकवलं.

रस्त्याकडेच्या मळ्यात बायका खुडत होत्या. डोक्यावरून पाठीवर सोडलेली पोती, कमरेला जाड कापड, पायांत रबरी चपला. रिक्षावाला तमिळ होता. त्यानं थांबून एकीशी बोलणं करून दिलं. मी तिला अक्का म्हटलं तर ती हसली, कारण त्यांच्यातही थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात. तिनं एक शेंडा खुडून माझ्या तळहातावर ठेवला. दोन पानं आणि एक मिटलेली कळी. कळीवर बारीक पांढरी लव होती. भिंगातून ती दिसताच तिनंही डोकावून पाहिलं आणि मैत्रिणीला हाक मारली. दिवसाला अठरा-वीस किलो पाला खुडला तर पूर्ण मजुरी, कमी भरला तर कापून. तिची बोटं काळपट हिरवी होती, नखांच्या कडांना चिरा होत्या. आमच्या मागांच्या गाळ्यात मीटरवर मजुरी घेणाऱ्या कारागिरांची बोटं मला आठवली.

तिच्या पणजोबांना इंग्रजांच्या काळात तिरुची भागातून इथे आणलं होतं. अशी लाखो माणसं आली. देश स्वतंत्र झाल्यावर 1948 च्या कायद्यानं त्यांना नागरिकत्वच नाकारलं. 1964 साली आपले पंतप्रधान शास्त्रीजी आणि तिथल्या पंतप्रधान सिरिमावो बंदरनायके यांच्यात करार झाला, कित्येक कुटुंबांना भारतात पाठवलं गेलं, आणि उरलेल्यांचा प्रश्न पुरता सुटायला 2003 साल उजाडलं. ज्यांच्या बोटांमुळे देशाचं नाव झालं, त्यांना देशाचं म्हणवून घ्यायला अर्धं शतक थांबावं लागलं. भिवंडीत पद्मानगरच्या तेलुगू विणकरांच्या शेजारी मी वाढले. पोटासाठी मुलूख सोडून आलेल्या माणसांनीच आमचं गाव उभं केलं आहे. त्यामुळे अक्काची गोष्ट ऐकताना मी परदेशात आहे असं वाटेना.

तिथून मळ्याच्या कारखान्यात गेलो. दारातच हिरव्या सफरचंदासारखा वास येत होता. वरच्या मजल्यावर लांब जाळ्यांवर पाला पसरलेला, खालून वारा सोडलेला. रात्रभर सुकून तो मऊ, चामड्यासारखा होतो. मग खाली मोठ्या गोल यंत्रात त्याला पीळ देतात. पान फुटतं, रस हवेला लागतो, आणि हिरव्याचं तांबं होतं. पिळलेला पाला चाळून जो बारीक भाग निघतो त्याला इथे ‘धूल’ म्हणतात. पहिली धूल, दुसरी धूल. आपलीच ‘धूळ’, परक्या मुलखात पोचून यंत्राशेजारी उभी! शेवटी भट्टीत वीसेक मिनिटं वाळवून चाळण्या लावतात. साधारण साडेचार-पाच किलो पाल्याचा एक किलो चहा होतो. म्हणजे अक्काच्या दिवसभराच्या खुडण्यातून चार किलो.

चाळणीच्या तोंडी उभं राहिल्यावर नावांचा घोळ सुटला. ओपी (ऑरेंज पेको) म्हणजे लांब पान, बीओपी म्हणजे तुटलेलं, बीओपीएफ त्याहून बारीक, आणि डस्ट सगळ्यांत बारीक. ही नावं आकाराची आहेत, प्रतीची नव्हेत. ‘ऑरेंज पेको’तल्या ऑरेंजचा संत्र्याशी संबंध नाही, आणि डस्ट म्हणजे झाडून काढलेला केर नव्हे. एकाच पाल्यातून चारही निघतात. बारीक कण लवकर रंग आणि जोर सोडतात, लांब पान सावकाश उलगडतं.

चव घेण्याच्या टेबलावर पांढऱ्या कपांची रांग होती. चाखणाऱ्या गृहस्थांनी मला पहिला प्रश्न विचारला, "घरी दूध घालता का?" इतक्या दुकानांत फिरलो, हे कोणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं की आई आलं घालून, दूध घालून, खळखळ उकळते, आणि बाबांना बिनदुधाचा हवा. ते म्हणाले, मग दोन वेगळे न्या. इथला बीओपी रंगाला फिका, सुवासाला नाजूक आहे, दुधात बुडून जाईल. दुधासाठी बीओपीएफ किंवा डस्ट न्या. आणखी एक सांगितलं. इथे उंचीमुळे पाणी चौऱ्याण्णव अंशांच्या आसपासच उकळतं, तुमच्याकडे शंभराला. घरी तितकाच वेळ ठेवलात तर तुरट होईल, एखादं मिनिट आधी गाळा.

मग त्यांनी गाळून उरलेला चोथा झाकणावर उपडा केला. नव्या तांब्याच्या पैशासारखा लखलखता. "हा रंग बघा, हा खोटा काढता येत नाही." मी भिंग काढलं. कोरडा चहा काळाभोर, एकसारखा, काड्या जवळजवळ नाहीत, आणि प्रत्येक कण दोरीसारखा वळलेला. पाव किलो बीओपी घेतला, अर्धा किलो बीओपीएफ. साध्या चंदेरी पाकिटात, वर तलवार धरलेला सिंह. हा सिंह म्हणजे श्रीलंकेच्या चहा मंडळाची खूण. आतला चहा पूर्ण तिथलाच आणि तिथेच बांधलेला, एवढी हमी त्यात असते. दोन्ही पाकिटं मिळून लाकडी पेटीच्या निम्म्या किमतीत आली.

बाहेरच्या टपरीवर काळा चहा घेतला. तो त्यात साखर घालून नव्हे, तर हातात ‘हकुरू’चा, म्हणजे माडासारख्या झाडाच्या गुळाचा, खडा देऊन देतात. खड्याचा चावा, वर चहाचा घोट. दालचिनीही घेतली होती, पण ती ताईच्या बॅगेत वेगळी ठेवली, कारण चहा शेजाऱ्याचा वास लगेच उचलतो. साबण, अत्तर, मसाला यांच्या जवळ त्याला ठेवायचं नाही.

घरी पोचलो तेव्हा मागांची खटखट चालू होती. आईनं बीओपीएफ टाकून आल्याचा चहा केला. रंग धरला, जोर आला, आणि गाळ्यातल्या सगळ्यांना किटली गेली. बाबांसाठी मी बीओपी वेगळा केला. पाणी उकळून गॅस बंद केला, चहा टाकला, झाकलं, चार मिनिटांनी गाळला. बाजूला बशीत थोडा कोरडा चहा ठेवला.

बाबांनी कपाकडे पाहिलंच नाही. आधी भिंग मागितलं. खिडकीच्या उजेडात बशी धरून बराच वेळ बघत राहिले, मग एक कण दोन बोटांत घेऊन सूत सोडवावं तसा चोळला आणि हुंगला.

"पीळ चांगला बसलाय," ते म्हणाले, आणि कप ओढून घेतला. दूध-साखरेची आठवण काढली नाही. दुसरा कप स्वतः मागितला. संध्याकाळी पाहिलं तर पाकिटाला दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधलेली, ताग्याला बांधायचे तशीच. बाबांच्या अक्षरात मळ्याचं गाव, महिना आणि वजन लिहिलं होतं, आणि खाली एक ओळ: खुडणारी अक्का, दोन पानं एक कळी.